पहिली नोकरी, भाड्याचा फ्लॅट आणि पैशाचं स्पष्ट बोलणं

दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर लातूर, नांदेड, जळगाव, सांगली अशा सगळ्या बाजूंनी नुकतीच डिग्री झालेली पोरं-पोरी पुण्यात येतात, कुणाला हिंजवडीला नोकरी लागते कुणाला खराडीला, आणि सहा महिन्यांत सगळ्यांचं रडगाणं एकच असतं की पगार तसा बरा आहे पण वीस तारखेला खात्यात काही उरत नाही. बचत कशी करायची यावर व्हिडिओंचा पाऊस पडलाय, पण मला आजूबाजूला जे दिसतं त्यात पैसे चहा-सिनेमावर जातात त्यापेक्षा जास्त वेळेवर न बोलल्यामुळे जातात. घरमालकाला डिपॉझिटचं विचारायला अवघड वाटतं, रूममेटकडे लाइटबिलाचे पैसे मागायला लाज वाटते, मित्राला नाही म्हणवत नाही, आणि नात्यातल्या काकांनी फॉर्म पुढे केला की सही होऊन जाते. घरात लहानपणापासून ऐकलेलं असतं ना, पैशाचं असं तोंडावर बोलू नये, वाईट दिसतं. म्हणून या लेखात हिशोबाबरोबर वाक्यंही देतोय, नेमकं काय बोलायचं ती. उदाहरण पुण्याचं घेतलंय कारण ते मला जवळून माहितीये, पण नाशिक, संभाजीनगर, मुंबई कुठेही राहायला गेलात तरी बहुतेक सगळं लागू पडेल.

१. ऑफर लेटर आलं की आधी "हातात किती" ते काढा

पॅकेज म्हणजे पगार नाही, हे पहिल्या नोकरीत खूप जणांना पहिला पगार जमा झाल्यावर कळतं. समजा ऑफर ४ लाख ८० हजारांची आहे, म्हणजे महिन्याला ४० हजार. आता यात बेसिक २० हजार धरू. कंपनी तिच्या वाट्याचा पीएफ (बेसिकच्या १२ टक्के, २४०० रुपये) बहुतेक वेळा याच ४० हजारांत धरते, ग्रॅच्युइटीचे (नोकरी सोडताना एकरकमी मिळणारे पैसे) साधारण ९६० याच्यातच, आणि १० टक्के व्हेरिएबल (कामगिरीवर ठरणारा भाग) असेल तर ते ४००० दर महिन्याला येत नाहीत. राहिले साधारण ३२,६४०. त्यातून तुमचा स्वतःचा पीएफ २४०० आणि प्रोफेशनल टॅक्स २०० गेला की हातात ३० हजार. प्रोफेशनल टॅक्स महाराष्ट्रात फेब्रुवारीत ३०० कापतात, वर्षाचे २५०० होतात, महिलांना २५ हजारांपर्यंतच्या पगाराला तो माफ आहे.

ग्रॅच्युइटी साधारणपणे पाच वर्षं टिकल्यावर मिळते, व्हेरिएबल कंपनीच्या आणि तुमच्या रेटिंगवर असतं. म्हणून घरभाडं, ईएमआय, घरी पाठवायचे पैसे यातलं काहीही ठरवायचं ते ३० हजारांवर, ४० वर नाही.

एचआरला विचारताना घाबरायचं काही कारण नाही, त्यांना हा प्रश्न रोज येतो. सरळ असं विचारा: "मॅडम, महिन्याला बँकेत नेमके किती जमा होतील? व्हेरिएबल कधी मिळतं आणि कशावर ठरतं? नोटीस पिरियड किती आहे, बॉण्ड आहे का?" आणि उत्तर फोनवर मिळालं तरी नंतर एक मेल टाका, "आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे..." असं म्हणून तेच मुद्दे लिहून. मेलला उत्तर आलं की तुमच्याकडे पुरावा झाला.

दोन गोष्टी मात्र अजिबात करू नका. नोकरी द्यायच्या आधी ट्रेनिंग फी, सिक्युरिटी, लॅपटॉपचं डिपॉझिट असं काही मागत असतील तर ती नोकरीच नाही, तिथून निघा. आणि ओरिजिनल मार्कशीट, डिग्री सर्टिफिकेट कुणाच्या ताब्यात ठेवू नका, दाखवा, झेरॉक्स द्या, ओरिजिनल परत घ्या.

२. फ्लॅट: सगळ्यात जास्त पैसे इथे अडकतात

या भागावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण डिपॉझिट हा बहुतेकांच्या आयुष्यातला पहिला मोठा व्यवहार असतो, आणि तो बऱ्याचदा वडिलांच्या पैशातून झालेला असतो.

आधी फ्लॅट बघायला जाल तेव्हा फक्त हॉल किती मोठा आहे ते बघू नका. पाणी किती वाजता येतं आणि उन्हाळ्यात टँकर लागतो का, ते वॉचमनला विचारा, शेजारच्या काकूंना विचारा, ब्रोकरला विचारून उपयोग नाही. नळ सोडून बघा, गिझर चालू करून बघा, बेडरूममध्ये उभं राहून एक फोन करा. सोसायटीत बॅचलरांना परवानगी आहे का, रात्री गेट किती वाजता बंद होतं, पार्किंग मिळणार का, सामान चढवायचे वेगळे पैसे घेतात का हे विचारा. महावितरणचं शेवटचं बिल मागा, त्यावरचा ग्राहक क्रमांक टाकून थकबाकी ऑनलाइन दिसते. आधीच्या भाडेकरूने थकवलेलं बिल तुमच्या गळ्यात पडायला नको.

माणूस खरंच मालक आहे का ते बघायला इंडेक्स टू (घराच्या खरेदीच्या नोंदणीचा उतारा) नाहीतर घरपट्टीची पावती दाखवा म्हणा. राग येत असेल तर येऊ दे. ॲपवर फोटो टाकून "मी आर्मीत आहे, बदली झालीये, आधी टोकन टाका मग चावी पाठवतो" म्हणणारे फसवे लोक आहेत आणि पोरं फ्लॅट न बघता पैसे टाकतात. फ्लॅट आतून बघितल्याशिवाय आणि मालकाशी बोलल्याशिवाय एक रुपयासुद्धा टाकू नका, अगदी "दुसरी पार्टी आत्ता येतेय" असं सांगितलं तरी.

आता ॲग्रीमेंट. अकरा महिन्यांचंच आहे म्हणजे रजिस्टर करायची गरज नाही असं तुम्हाला कुणीतरी सांगेलच. महाराष्ट्रात ते चूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स (म्हणजे हेच भाड्याचं ॲग्रीमेंट) लेखी आणि नोंदणी केलेलंच पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, जोवर मालक उलटं सिद्ध करत नाही तोवर. म्हणजे नोंदणी करण्यात मालकाचाही फायदा आहे, आणि हेच त्यांना सांगायचं.

खर्च किती येतो ते एकदा स्वतः काढून बघा. भाडं २४ हजार, ११ महिने, म्हणजे २ लाख ६४ हजार. डिपॉझिट ७२ हजार असेल तर त्यावर वर्षाला १० टक्के व्याज धरतात, ११ महिन्यांचे ६६०० झाले. दोन्ही मिळून २ लाख ७० हजार ६००, त्याच्या पाव टक्का मुद्रांक शुल्क म्हणजे साधारण ६८० रुपये. नोंदणी फी महापालिका हद्दीत १००० रुपये. वर जो माणूस घरी येऊन अंगठा-फोटो घेतो त्याचे चार्जेस. एवढा हिशोब खिशात असला की एजंटने मोठा आकडा सांगितल्यावर "यातली सरकारी फी किती आणि तुमची किती?" असं शांतपणे विचारता येतं.

ॲग्रीमेंटमध्ये या गोष्टी शब्दात लिहून घ्या: मेंटेनन्स कोण भरणार, लॉक-इन (ज्या काळात घर सोडता येत नाही) किती महिन्यांचं, नोटीस किती दिवसांची, सोडताना रंगकामाचे पैसे कापणार का आणि कापले तर किती, आणि डिपॉझिट चावी दिल्यापासून किती दिवसांत परत. रंगकामावरून पुण्यात जितकी भांडणं होतात तितकी दुसऱ्या कशावरूनच होत नसतील. मालकाशी बोलताना सूर असा ठेवा: "काका, डिपॉझिटमधून कशाकशाचे पैसे कापायचे ते आत्ताच लिहून घेऊया का, म्हणजे नंतर तुम्हालाही त्रास नको आणि आम्हालाही नको." यावर बहुतेक मालक हो म्हणतात. जो फारच चिडतो तो डिपॉझिट परत देताना कसा वागेल याचा अंदाज तुम्हाला त्याच दिवशी आलेला असतो.

राहणाऱ्या सगळ्यांची नावं ॲग्रीमेंटवर हवीत, एकाच्या नावावर घेऊन बाकीचे असेच राहतात आणि मग पोलीस व्हेरिफिकेशनला, पासपोर्टला, बँकेच्या पत्त्याला अडतं. डिपॉझिट आणि भाडं कायम बँकेतून द्या. मालक कॅशच मागत असेल तर पावती घ्या.

आणि सामान आत नेण्याआधी व्हिडिओ काढा. दरवाजापासून सुरुवात करा, प्रत्येक खोली, भिंतीवरची ओल, तुटलेली टाइल, किचनचा ओटा, नळ, पंख्यांची संख्या, चावी किती दिल्या ते, सगळं बोलत बोलत. त्याच दिवशी मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवून द्या, "काका, आजची घराची स्थिती, तुमच्या माहितीसाठी." फ्लॅट सोडताना असाच दुसरा व्हिडिओ काढा. सोडायच्या महिनाभर आधी मेसेज करा, शेवटचं लाइटबिल आणि गॅसबिल भरून त्याचे स्क्रीनशॉट पाठवा, आणि चावी देताना तारीख लिहून पाठवा. डिपॉझिट लांबवायला मग फारशी जागाच राहत नाही.

३. रूममेट: पहिल्या रविवारी बसून ठरवा

मित्र आहेत, होईल ॲडजस्ट, असं म्हणून राहायला गेलेल्यांची मैत्री सहा महिन्यांत तुटलेली मी बघितलीये, आणि कारण काय तर एसी. एकाच्या खोलीत रात्रभर एसी, बिल तिघांत.

पहिल्या रविवारी बसा, अर्धा तास पुरतो. भाडं सरसकट तीन भाग करायची गरज नाही. २४ हजार भाडं आहे आणि एकाला मास्टर बेडरूम एकट्याला हवीये तर त्याने १० हजार द्यावेत, दुसऱ्या खोलीतल्या दोघांनी ७-७ हजार. आकडा कसा ठरवायचा? ज्याला ती खोली हवी त्याने आकडा सांगायचा, दुसऱ्याला त्याच आकड्यात ती खोली घ्यावीशी वाटली तर त्याला द्यायची. कुणाच्या मनात राहत नाही.

डिपॉझिट कुणी किती दिलं ते ग्रुपवर लिहून पिन करा. मध्येच एकाला ऑनसाइट जायचं झालं किंवा नोकरी बदलली तर नवीन येणाऱ्याने त्याच्या वाट्याचं डिपॉझिट जाणाऱ्याला द्यायचं, आणि नवीन माणूस मिळेपर्यंतचं भाडं कुणी भरायचं, किती दिवस भरायचं, हे आधी ठरलेलं पाहिजे. एक महिना जाणाऱ्याने भरायचा हे मला बरोबर वाटतं. नवीन माणसाचं नाव मालकाला कळवून कागदावर घ्या.

मग मावशींचा पगार, डब्याचे किंवा किराणाचे पैसे, नेट, सिलिंडर. यासाठी दर महिन्याच्या दोन तारखेला प्रत्येकाने ठरलेली रक्कम एकाकडे जमा करायची आणि त्याने त्यातूनच खर्च करायचा, ही पद्धत नंतर मागत बसण्यापेक्षा शंभर पटीने बरी. जमा ठेवणारा दर तीन महिन्यांनी बदला. मावशींच्या सुट्टीचे पैसे कापायचे नाहीत हेही एकदाच ठरवून टाका, त्यांचंही घर त्याच पैशावर चालतं.

पैसे मागायचेच झाले तर त्याच दिवशी मागा, आकड्यासकट. "काल डी-मार्टचं १८४० झालं, तिघांत ६१३, आज टाक." बस, एवढंच. सोबत सॉरी, प्लीज, जमलं तर बघ वगैरे लावायची गरज नाही. पंधरा दिवसांनी मागितलं की मागणारा चिक्कू वाटतो, त्याच दिवशी मागितलं की तो फक्त हिशोब असतो. आणि तुमच्याकडे कुणी मागितलं तर मेसेज वाचला की लगेच टाका, लोक तुमच्यावर विश्वास ठेवतात तो अशा ६१३ रुपयांवरूनच ठेवतात.

हॉटेलमध्ये बिल आल्यावर नाही, ऑर्डर देतानाच बोला. "ड्रिंक्सचं वेगळं करूया ना, मी घेत नाही." ट्रिप परवडत नसेल तर प्लॅन ठरतानाच सांगा, "या महिन्यात माझं बजेट नाहीये, तुम्ही जाऊन या." आजी आजारी वगैरे कारणं काढू नका. खरं सांगितलं की ग्रुपमधला अजून एखादा हळूच म्हणतो, खरंतर माझंही नाहीये रे.

४. पगार जमा झाला की पहिल्या दोन दिवसांत

दोन खाती ठेवा. पगार येतो ते एक, आणि यूपीआय जोडलेलं दुसरं. पगाराच्या खात्याला यूपीआय जोडूच नका. पगार झाला की भाडं, घरचे पैसे, बचत हे पहिल्या दोन दिवसांत आपोआप जाईल असं बँकेत लावून द्या आणि महिन्याचा हातखर्च फक्त दुसऱ्या खात्यात टाका. ते खातं संपलं की महिना संपला.

३० हजारांत साधारण असं बसू शकतं: भाडं ८०००, डबा आणि बाकी खाणं ५५००, लाइट-नेट-मावशी १५००, येणं-जाणं २०००, घरी ५०००, बचत ५०००, राहिलेले ३००० तुमचे, त्यांचा हिशोब कुणाला द्यायचा नाही, स्वतःलाही नाही. ज्यांच्यावर घरची जबाबदारी जास्त आहे त्यांचे आकडे वेगळे येतील आणि त्यात कमीपणा काही नाही.

बचतीतलं पहिलं काम म्हणजे तीन महिन्यांचा खर्च बाजूला ठेवणं. वरच्या हिशोबात तो ७५ हजार होतो, महिन्याला ५ हजार टाकले तर पंधरा महिने लागतील, लागू देत. तोवर शेअर, क्रिप्टो, कुणाचं टेलिग्राम चॅनेल, काही नको. हे पैसे साध्या एफडीत किंवा आरडीत ठेवा. गावातल्या पतसंस्थेत एक-दोन टक्के जास्त व्याज मिळतं म्हणून तिथे ठेवायचा आग्रह घरून होईल. बँकेतल्या ठेवीला प्रत्येक बँकेमागे ५ लाखांपर्यंत विमा असतो, सहकारी बँकांनाही असतो, पण पतसंस्थेला हे संरक्षण नाही. घरी हे समजावून सांगा, ओळखीचे चेअरमन आहेत हा त्यावरचा उपाय नाही.

मेडिक्लेम कंपनीचा आहे म्हणून निवांत राहू नका, नोकरी सुटली की तो संपतो. आई-वडील त्यात आहेत का ते बघा, नसतील तर त्यांची पॉलिसी हे पुढचं काम.

५. उसने पैसे

गावाकडे तुमचं पॅकेज कळतं, इन-हँड कळत नाही. पाच लाखांचं पॅकेज म्हणजे महिन्याला पन्नास हजार हातात असं गृहीत धरून फोन येतात. म्हणून आई-वडिलांना हातात येणारा खरा आकडा सांगा आणि बाकी कुणी विचारलं तर "भागतंय काका, सुरुवात आहे" एवढं पुरे.

मित्राने मागितले तर लगेच हो किंवा नाही म्हणू नका, "संध्याकाळी सांगतो" म्हणा. फक्त मेसेजवर मागितले असतील तर आधी फोन करून आवाज ऐका, अकाउंट हॅक करून मित्राच्या नावाने पैसे मागतात. मग विचार करा की हे पैसे परत आले नाहीत तरी माझा महिना निघेल का आणि माझी मैत्री टिकेल का. निघत असेल तरच द्या, आणि जेवढ्यात निघेल तेवढेच द्या. "वीस नाही जमणार रे, चार हजार आत्ता टाकतो." बँकेतूनच द्या, वीस हजार किंवा त्याहून जास्त रकमेचं कर्ज कॅशमध्ये घ्यायला इन्कम टॅक्सची बंदी आहे. आणि लगेच एक ओळ पाठवा, "४००० टाकले, १० तारखेपर्यंत दे." तो "हो" म्हणाला की झालं, एवढंच लेखी पुरे. हातउसन्या पैशांसाठी कोर्टात जायची मुदत साधारण तीन वर्षं असते, पण चार हजारांसाठी कोणी कोर्टात जात नाही, त्या ओळीचा खरा उपयोग दोघांना तारीख लक्षात राहावी हा.

परत मागताना दहा तारखेलाच मागा. "आज दहा तारीख, ४००० टाकशील का?" उत्तर नाही आलं तर दोन दिवसांनी फोन. पुढे ढकललं तर हप्ता पाडून द्या, "महिन्याला हजार चालतील." पहिले पैसे परत आल्याशिवाय दुसऱ्यांदा मात्र नाही.

तुम्ही उसने घेतले असतील तर तारीख यायच्या आधी स्वतः फोन करा. "दहाला जमत नाहीये, दोन आत्ता देतो, दोन पुढच्या महिन्यात." असं करणाऱ्याला माणसं पुन्हा मदत करतात.

६. जामीन

हा विषय आपल्याकडे पगारदार माणसाला कधी ना कधी येतोच. मामांना ट्रॅक्टर घ्यायचाय, चुलतभावाला पतसंस्थेतून दुकानासाठी कर्ज हवंय, आणि "फक्त सही पाहिजे, तुझा एक रुपया जाणार नाही" असं म्हणत पगाराची स्लिप मागतात.

ती सही फक्त सही नसते. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. म्हणजे कर्जदाराकडून आधी वसूल करा, नाही मिळालं तर माझ्याकडे या, असं तुम्ही म्हणू शकत नाही, बँक थेट तुमच्याकडे येऊ शकते. पतसंस्था सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला काढते आणि तो जामीनदारावरही निघतो, पगारातून कपातीच्या संमतीच्या कागदावरही अनेकदा त्याच दिवशी सही घेतलेली असते. त्यांनी हप्ते थकवले की तुमच्या सिबिलवर (कर्जफेडीच्या रेकॉर्डवर) डाग, आणि पाच वर्षांनी तुम्हाला घरासाठी लोन घ्यायचं असेल तेव्हा मॅनेजर विचारणार.

नाही म्हणणं जड जातं, नातं असतं, लहानपणी त्या मामांनी कडेवर घेतलेलं असतं. म्हणून फोन यायच्या आधीच आई-वडिलांशी बोलून ठेवा की आपल्या घरातून कुणी जामीन राहायचं नाही. मग उत्तर एकट्याचं राहत नाही: "मामा, आमच्या घरात जामीन न राहायचं ठरलंय, बाबांशीही बोललोय. पण मी शनिवारी येतो, आपण बँकेत जाऊन कागद बघू, तारण ठेवून कमी व्याजात बसतं का विचारू." नुसतं नाही म्हणून फोन ठेवू नका, शनिवारी खरंच जा. व्याजदर समजावून द्या, फॉर्म भरून द्या. रागावलेली माणसं यामुळे निवळतात.

आणि जामीन राहायचंच ठरवलं तर कर्जाची पूर्ण रक्कम आपल्याला भरता येईल का हा एकच प्रश्न स्वतःला विचारा, कर्जाच्या कागदांची कॉपी घ्या, आणि दर तीन महिन्यांनी खात्याचा उतारा मागा.

७. पॉलिसीवाले काका

पहिला पगार झाला की महिन्याभरात कुणीतरी येतंच, आणि बहुतेकदा ते घरच्या ओळखीचे असतात. "टॅक्स वाचतो" हा त्यांचा पहिला मुद्दा. आत्ताच्या नव्या टॅक्स पद्धतीत २०२५-२६ पासून नोकरदाराचं वर्षाचं पगाराचं उत्पन्न १२ लाख ७५ हजारांपर्यंत असेल तर टॅक्स शून्य आहे आणि त्या पद्धतीत ८०सी ची (विमा, पीएफ वगैरेंत टाकलेल्या पैशांवरची) सूट मुळात मिळतच नाही. मग वाचवायचं काय?

दोनच प्रश्न विचारा: "काका, उद्या माझं काही झालं तर घरच्यांना किती मिळतील? आणि मी काही न होता वीस वर्षं भरलं तर वर्षाला किती टक्क्यांनी पैसे वाढले असं होईल?" बचत आणि विमा एकत्र असलेल्या पॉलिसीत दोन्ही उत्तरं कमजोर असतात. घरचे तुमच्या पगारावर अवलंबून असतील तर साधा टर्म प्लॅन (बचत नसलेला, फक्त विमा) घ्या, नसतील तर थांबा. सही होऊनच गेली असेल तर पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांच्या आत ती परत करता येते, थोडी कपात होऊन पैसे मिळतात. नकाराचं वाक्य हे घ्या: "काका, दोन वर्षं फक्त इमर्जन्सीचे पैसे जमवायचं ठरवलंय, तोवर नवीन काही नाही." ओळख तशीच राहते.

८. क्रेडिट कार्ड, लोन ॲप

कार्ड वाईट नाही, पण पूर्ण बिल दर महिन्याला भरत असाल तरच. बिल २० हजार आणि "मिनिमम ड्यू" १००० लिहिलंय म्हणून हजार भरले की राहिलेल्यावर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, वर्षाला चाळीस टक्क्यांच्या वर, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, आणि पुढच्या नवीन खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज सुरू. कार्डने एटीएममधून कॅश कधीच काढू नका. ऑटो-डेबिट पूर्ण रकमेचं लावा.

पाच मिनिटांत पैसे देणाऱ्या ॲपने कॉन्टॅक्ट आणि गॅलरीची परवानगी मागितली तर तिथेच थांबा, रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे त्यांना ती घेता येत नाही. अडकला असाल तर एकट्याने सोसू नका, घरी सांगा. धमकीचे फोन येत असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा. यूपीआयने फसवणूक झाली तरी हाच नंबर, आणि पहिल्या तासाभरात केला तर पैसे गोठवले जाण्याची शक्यता जास्त असते. पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही, आणि व्हिडिओ कॉलवर अटक करणारे पोलीस नसतात. हे आई-वडिलांनाही सांगा, त्यांना असे फोन तुमच्यापेक्षा जास्त येतात.

९. घरी पाठवायचे पैसे

याची एक रक्कम आणि एक तारीख ठरवा. जून-जुलैत पेरणीला, दिवाळीत, बहिणीच्या फीच्या वेळी जास्त लागणार हे माहितीच असतं, त्यासाठी महिन्याला हजार-पाचशे वेगळे टाकत जा. आई "नको बाळा, आहेत आमच्याकडे" म्हणते तेव्हा किराणा दुकानाची उधारी किती आहे ते भावाला विचारा. आणि वडिलांवर जुनं कर्ज असेल तर ते कुठलं, किती व्याजाचं, कुणाकडचं, हे एकदा कागद घेऊन बसून समजून घ्या. सावकाराचं महिन्याला तीन-चार टक्क्यांचं कर्ज घरात असताना तुम्ही एसआयपी (दर महिन्याला म्युच्युअल फंडात पैसे टाकणं) करणं हा तोट्याचा हिशोब आहे, आधी ते फेडा. वडिलांना हे विचारताना चौकशीचा सूर नको. "बाबा, मी आता कमावतोय, मला सगळं माहीत असू दे" असं म्हटलं की बहुतेक वडील बोलतात, थोडा वेळ घेऊन.

१०. नोकरी बदलताना

नवीन ऑफर लेखी हातात आल्याशिवाय राजीनामा नाही. राजीनामा मेलवर द्या, शेवटची तारीख त्यात लिहा, मॅनेजरला आधी तोंडी सांगा म्हणजे त्याला मेल बघून धक्का बसत नाही. रिलीव्हिंग लेटर, शेवटच्या तीन महिन्यांच्या स्लिपा आणि फॉर्म १६ घेतल्याशिवाय मागे लागणं सोडू नका, कंपनीचा मेल बंद व्हायच्या आधी हे सगळं स्वतःच्या मेलवर घ्या.

पीएफ काढू नका, ट्रान्सफर करा. यूएएन (पीएफचा तुमचा कायमचा नंबर) तोच राहतो, नवीन कंपनीला तोच द्या, नाहीतर दोन यूएएन होऊन पुढे डोकेदुखी. पाच वर्षांची सलग नोकरी व्हायच्या आधी काढला तर त्यावर टॅक्सही लागू शकतो. आणि पोर्टलवर लॉगिन केलंच आहे तर नॉमिनी भरा, पीएफला, दोन्ही बँक खात्यांना, एफडीला. नाव, जन्मतारीख आणि आधार जसंच्या तसं जुळलं पाहिजे, आईचं नाव आधारवर वेगळं आणि पासबुकवर वेगळं असतं आपल्याकडे, तेवढं आधी बघून घ्या.